दुसऱ्यांची गाणी आपल्या मुलांना शिकवताना: समूहगान, सीमाभाग आणि न्याय

खानापूरची_बाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत भाषा शिकवते. शाळेला संगीतशिक्षक नसल्यामुळे समूहगीत बसवण्याचे कामही गेली काही वर्षे माझ्याकडेच आहे. माझ्या वर्गात घरी मराठी, कन्नड, कोकणी आणि दख्खनी उर्दू बोलणारी मुले आहेत. जंगलालगतच्या वस्तीवरून येणारी दोन सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातील, मुलेही आहेत.

दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी आम्ही 'जगातील गाणी' असा विषय घेतला होता. मी मोबाइलवर ऐकून आफ्रिकेतील एक गाणे बसवले. ते कोणत्या भाषेतील आहे, कोण आणि कधी गातात, हे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. कार्यक्रमाच्या दिवशी मुलांना पानांचे घागरे नेसवले आणि तोंडाला काळा रंग लावला. रंग लावणाऱ्या पालकबाई दुसऱ्या रांगेतल्या सिद्दी मुलासमोर आल्या आणि हसून म्हणाल्या, "तुला काय गरज नाही." सगळे हसले. मी तिथेच उभी होते आणि काहीही बोलले नाही. गाणे सुरू झाले, टाळ्याही भरपूर पडल्या, पण त्या मुलाने शेवटपर्यंत तोंड उघडले नाही.

येत्या २६ जानेवारीसाठी निरनिराळ्या समाजांची, विशेषतः अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांची गाणी बसवावीत अशी माझी इच्छा आहे. त्याआधी मला आपल्याशी बोलायचे आहे. दुसऱ्यांची गाणी मुलांना शिकवावीत का? शिकवायची झाली तर ती कशी निवडावीत आणि कशी शिकवावीत, म्हणजे पुन्हा कोणाच्या तोंडाला रंग फासला जाणार नाही?

---

वाचनमात्र

ताई, हे लिहायला धैर्य लागते. वाचतो आहे.

---

मलप्रभाकाठ

बाई, मी सौंदत्तीकडचा. घरची भाषा कन्नड, शिक्षण मराठीत झाले. आपल्या प्रश्नाचा उगम आपल्या तालुक्यात आहे आणि उत्तराचा एक धागा त्याच पाण्याने खाली वाहत गेला आहे, असे मला वाटते. मलप्रभा आपल्या कणकुंबीला उगम पावते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. बाराव्या शतकातील शिवभक्त कवी बसवण्णांच्या वचनांची (छोट्या कन्नड भक्तिरचनांची) नाममुद्रा त्याच संगमाच्या देवाच्या नावाची आहे. त्यांचे 'इवनारव' हे वचन कन्नड शाळांतील बहुतेक मुलांना पाठ असते. त्याचा आशय असा: हा कोणाचा, हा कोणाचा असे म्हणायला लावू नकोस, हा आमचा, हा आमचा असे म्हणायला लाव, कूडलसंगमदेवा, हा तुझ्या घरचा मुलगा म्हणायला लाव. ज्या मुलाला रंगाच्या वाटीवरून हसले गेले, त्याच्या वर्गात हे वचन गायले जावे असे मला फार वाटते.

मात्र शिकवताना एक काळजी घ्यावी. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात. 'कॊडु' म्हणजे दे आणि 'कोडु' म्हणजे शिंग. मराठी वळणाने ओ लांबवला की देणाऱ्याच्या हाती शिंग येते. देवनागरीत कन्नड गीत लिहून देताना ऱ्हस्व स्वरांसाठी ऎ आणि ऒ ही चिन्हे वापरावीत आणि मुलांना ती आधी म्हणून दाखवावीत. हा कौशल्याचा प्रश्न तर आहेच, पण शेजाऱ्याच्या भाषेचे स्वर नीट उच्चारण्यासाठी आपण कष्ट घेतले, हे त्या शेजाऱ्याला लगेच कळते.

---

पेटीमास्तर

मलप्रभाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. उलट बाजूची अडचणही सांगतो. कन्नड घरातील मुलांना मराठीतील दोन प्रकारचे च आणि ज जड जातात. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतील च वेगवेगळे आहेत हे मराठी माणसाच्या लक्षातही नसते, कारण लिपीत तो फरक दिसत नाही. एकमेकांचे उच्चार मुलांनीच एकमेकांना शिकवावेत. माझ्या वर्गात कन्नड गीताच्या तासाला कन्नड मुले गुरू होतात आणि मराठी अभंगाच्या तासाला मराठी मुले. एरवी मागच्या बाकावर बसणारा मुलगा अशा तासाला कसा ताठ बसतो, ते पाहण्यासारखे असते.

आता बाई स्वतः संगीतशिक्षक नाहीत म्हणून थोडे तांत्रिक. पहिली चूक पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा याची, होते. शिक्षक पेटीवरची स्वतःच्या गळ्याला सोयीची काळी एक घेतात, मग मुलांना मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, घोगरे व्हावे लागते आणि त्यांनी ओरडून गायले म्हणजे जोश आला असे समजले जाते. गाण्याचा विस्तार पाहून पट्टी वर न्यावी. मंद्र पंचमापासून मध्य सप्तकात फिरणारे गीत असेल तर काळी तीनच्या आसपास मुलांचा आवाज मोकळा होतो. आठवी-नववीत ज्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना 'तू फक्त ओठ हलव' असे कधीही सांगू नये. त्यांना षड्ज (सा) धरून ठेवायला द्यावा, किंवा दोन-तीन स्वरांचा एकच तुकडा गीतभर फिरवत ठेवायला सांगावा. गीताला पाया मिळतो आणि मुलगा गाण्यातून बाहेर पडत नाही.

दुसरी गोष्ट अनेक आवाजांत गाण्याची. आपले संगीत एकसुरी चालीचे, म्हणून आपल्याला समूहगानात वेगवेगळे सूर जमणार नाहीत, हा गैरसमज आहे. भूप रागातील एखादी सोपी चाल घ्यावी; कर्नाटक संगीतात याच स्वरांना मोहन म्हणतात. पहिल्या गटाने सुरुवात केल्यावर चार मात्रांनी दुसऱ्या गटाने तीच ओळ सुरुवातीपासून उचलावी. भूपात मध्यम आणि निषाद नसल्यामुळे लागून असलेले अर्ध्या अंतराचे स्वरच येत नाहीत, म्हणून दोन ओळी एकमेकींवर आल्या तरी कानाला टोचत नाही. एकच ओळ दोन गट वेगवेगळ्या क्षणी गात असतात आणि कोणीच कोणाला गप्प करत नाही, हे मुलांना शब्दांशिवाय कळते.

---

सरळ_बोल

माझे मत वेगळे आहे, राग मानू नये. मुलांनी गावे, आनंद घ्यावा. न्याय-अन्याय शिकवण्यासाठी गाण्याला कशाला जुंपायचे? बाईंच्या शाळेत जे घडले ते वाईटच होते, पण ते गाण्यामुळे घडले नाही. मोठ्या माणसांच्या वागण्यामुळे घडले. न्याय शिकवायचा तर दुपारच्या जेवणाच्या पंगतीत शिकवा, पाण्याच्या टाकीपाशी शिकवा. कोण कोणाशेजारी बसते ते पाहा. व्यासपीठावर पाच भाषांतील पाच गीते म्हणायची आणि खाली उतरल्यावर ज्याने त्याने आपापल्या गटात जाऊन बसायचे, असे कार्यक्रम मी भरपूर पाहिले आहेत.

---

निपाणीकर

सरळ_बोल यांचा पंगतीचा मुद्दा मला पटतो, पण गाण्याला 'जुंपायचे' हा शब्द पटत नाही. काही गाणी जन्मापासूनच त्या कामातली असतात. त्यांतील एक आपण सर्वांनी शाळेत म्हटले आहे आणि ते कुठून आले हे आपल्याला कोणीच सांगितले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'हम होंगे कामयाब' हे गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणलेले गीत मूळ अमेरिकेतील 'वुई शॅल ओव्हरकम' आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र आम्हा निपाणीच्या लोकांच्या काळजाला हात घालणारी आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांतून आलेले हे गाणे संपाचे गाणे झाले ते १९४५-४६ साली, दक्षिण कॅरोलिनामधील चार्ल्सटन शहरातील सिगारच्या कारखान्यात. संपावर बसलेल्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. संप कित्येक महिने चालला. त्यांच्यातील ल्यूसिल सिमन्स ही स्त्री दिवसाच्या शेवटी हे गाणे संथ लयीत म्हणत असे. तिथल्या कामगार स्त्रियांकडून ते टेनेसीमधील हायलँडर या प्रौढशिक्षणाच्या शाळेत झिल्फिया हॉर्टन यांच्याकडे पोहोचले, त्यांच्याकडून लोकगायक पीट सीगर यांच्याकडे गेले आणि १९६० साली गायक गाय कॅरावान यांनी ते वर्णभेदाविरुद्धच्या विद्यार्थी चळवळीला शिकवले.

म्हणजे हे तंबाखू वळणाऱ्या बायकांचे गाणे आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनी १९८०च्या सुमारास संघटना बांधली, संप केले. १९८२ साली युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटसमूहाने त्यांच्यावर माहितीपट केला. वखारीतील तपकिरीची धूळ, ठसका, अंधार आणि मुकादमाचा जाच यांच्या गोष्टी मी माझ्या आजीकडून ऐकल्या आहेत. तिच्या नातवंडांनी शाळेत 'हम होंगे कामयाब' सावधानमध्ये उभे राहून म्हटले, पण हे गाणे तुझ्यासारख्याच तंबाखूत हात भरलेल्या बाईने जगाला दिले, असे तिला कोणीही सांगितले नाही. मी सांगू शकलो तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. तिने एवढेच विचारले, "त्यांस्नी मजुरी वाढवून मिळाली का?"

आणखी एक. त्या गीतात 'नहीं डर किसी का आज' असे कडवे आहे. १९५९ साली हायलँडरवर पोलिसांचा छापा पडला, दिवे घालवले गेले आणि त्या अंधारात जमिला जोन्स या माँटगोमेरीच्या १४ वर्षांच्या मुलीने 'आम्हाला भीती नाही' ही ओळ गाण्यात घातली. बाई, १४ वर्षांची म्हणजे आपल्या आठवीतली. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगितल्यावर ते कडवे तोंडाने म्हणायचे राहत नाही.

---

खानापूरची_बाई

निपाणीकरदादा, आजींचा प्रश्न वाचून मी थांबले. हे गीत मी किमान दहा वर्षे बसवते आहे आणि दरवर्षी त्याचा अर्थ 'प्रयत्न केल्यास यश मिळते' असा सांगत आले. परीक्षेतल्या यशाचे गीत म्हणून ते दहावीच्या निरोपसमारंभातही म्हणवून घेतले आहे.

सरळ_बोल, आपला आक्षेप मी मनावर घेतला आहे. पंगतीचे काम आधीच करायला हवे होते. तरीही गाण्यातही काही करता येईल असे मला वाटते, कारण तो मुलगा गप्प झाला तो पंगतीत नव्हे, गाण्यात.

---

सेवादल_सैनिक

मी वयाची सत्तरी ओलांडली आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलो आणि समूहगीत हे माझे पहिले शिक्षण होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. त्याआधीच्या महाराष्ट्रभरच्या दौऱ्यात सेवादलाचे कलापथक गावोगाव गात होते. गाण्याला जुंपले गेले असे तेव्हा कोणालाही वाटले नाही. शेकडो माणसे एका सुरात येतात तेव्हा शेजारचा कोण, हे क्षणभर तरी विसरले जाते. 'क्षणभर' या शब्दावर सरळ_बोल बोट ठेवतील, आणि ते रास्त आहे.

म्हणूनच आपल्या शहरातील एक गोष्ट सांगतो. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत ११ वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. आपण खालच्या जातीच्या, तेव्हा जेवणे झाल्यावर उष्टी जागा साफ करायला आपल्याला लावतील की काय, अशी धास्ती त्या वेळी मनात होती, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली. गाणे गांधीजींसमोर, आणि मनात भीती पंगतीची. समूहगान बसवणाऱ्याने रांगेतील प्रत्येक मुलाच्या मनात आज काय चालले आहे ते पाहावे, हे मी त्या आठवणीतून शिकलो.

---

यल्लम्माचा_डोंगर

या चर्चेत आमच्या बाजूचे गाणे अजून आले नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जोगतिणी आणि जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेली माणसे, चौंडकं हे तंतुवाद्य वाजवून जी पदे म्हणतात, ती हल्ली शाळांच्या स्नेहसंमेलनांत दिसू लागली आहेत. हिरवा शालू, कपाळभर भंडारा, डोक्यावर जग (देवीची मूर्ती असलेली टोपली), आणि मुली नाचत गातात. याच परंपरेतील कलावंत जोगती मंजम्मा यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यापासून या कलेला मान मिळाला, याचा मला आनंदच आहे.

पण हे गाणे कोणाच्या आयुष्यातून आले आहे? लहान मुलींना देवीला सोडण्याची प्रथा बंद करणारा कायदा कर्नाटकात १९८२ साली झाला. माझ्या आईची मोठी बहीण तशी सोडलेली होती. तिच्या चौंडक्याचा आवाज ऐकत मी मोठा झालो. तो आवाज मला अतिशय प्रिय आहे आणि त्याच आवाजाने मला रडूही येते. दहा वर्षांची मुलगी शाळेच्या व्यासपीठावर भंडारा लावून ते पद म्हणते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, आणि मला मावशीला नेसवलेले पहिले लुगडे आठवते. मुलांनी हे गाऊ नये असे मी म्हणत नाही. पण वेषभूषा नको, आणि गाण्याआधी दोन वाक्ये तरी खरी सांगितली जावीत.

---

घटप्रभा

यल्लम्माचा_डोंगर, आपल्याला नमस्कार. वेषभूषा नको हे सूत्र मला पहिल्या प्रसंगालाही लागू पडते असे वाटते. गाणे घ्यावे, सोंग घेऊ नये.

---

कँप_क्वायर

मी बेळगाव कँपात राहते. घरची भाषा कोकणी. लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, गाते. पेटीमास्तर सरांनी सांगितलेल्या दोन गटांच्या पद्धतीच्या पुढची पायरी म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे वरून खाली उतरणारे चार आवाज. आल्टोला चाल क्वचितच मिळते. ती बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते. शेजारच्यांचे ऐकत ऐकत आपला न उठणारा सूर सांभाळायचा, हे शिकायला वर्षे लागतात. मुलांना थोडे तरी ते शिकवावे.

मला लिहायचे आहे ते मात्र निराळे. भक्तिगीते आणि न्यायाची गीते यांची सीमा पुसट असते. अभंग, वचन, चर्चमधील गीत, तिन्हींत देव आहे. 'सर्वधर्मसमभाव' म्हणून एका मुलाला दुसऱ्याच्या देवाची आळवणी करायला लावणे मला योग्य वाटत नाही. शाळेत असताना मी अनेक आरत्या म्हटल्या, आवडीनेही म्हटल्या, पण 'तुला चालेल का' असे मला एकदाही विचारले गेले नाही. आमच्या वर्गातील एक मुस्लिम मैत्रीण त्या वेळी फक्त ओठ हलवत असे. तिला शिक्षा होईल अशी भीती वाटे. बाई, एखादे मूल एखादे गीत गाणार नाही म्हणाले तर त्याला ताल धरू द्यावा, नाहीतर शेजारी नुसते बसू द्यावे, आणि कारण विचारू नये.

---

पेटीमास्तर

कँप_क्वायर ताई, 'कारण विचारू नये' हे मी आजच वहीत लिहून ठेवले. इतकी वर्षे मी कारण विचारत आलो, तेही सर्वांसमोर.

---

टिळकवाडी

सगळे वाचले, चांगले आहे. पण न्यायाच्या गाण्यांची यादी करताना आपण अमेरिकेपर्यंत जातो आणि घरातल्या प्रश्नाला वळसा घालतो, असे मला वाटते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हापासून सीमाभागातील मराठी माणूस आपल्या भाषेसाठी झगडतो आहे. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड (लावणीच्या वळणाचे गीत) संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील आहे, आणि ती उच्च प्रतीची कविताही आहे. मराठी शाळेतील मुलांनी ती का गाऊ नये? दुसऱ्यांचा अन्याय गायचा आणि आपला गिळायचा, हा कोणता न्याय?

---

मलप्रभाकाठ

टिळकवाडी, आपले दुःख मी नाकारत नाही. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा, दुकानाची पाटी आपल्या भाषेत लिहिता यावी, ही मागणी कोणत्याही भाषेच्या माणसाला समजते. पण बाईंचा वर्ग मिश्र आहे. १ नोव्हेंबरला त्या वर्गातील काही घरांवर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात आणि काही घरांत काळा दिन पाळला जातो. दोन्ही घरांतील मुले दुसऱ्या दिवशी एका बाकावर बसतात. अर्ध्या वर्गाने दुसऱ्या अर्ध्याविषयी गायचे गीत समूहगीत कसे होईल? माझ्या घरच्या मुलाने ती छक्कड म्हणताना काय करावे? आणि आपल्या मुलीला कन्नड नाडगीत (राज्यगीत) म्हणताना जे वाटते, तेच त्याला वाटणार नाही का?

---

टिळकवाडी

माझी मुलगी नाडगीत रोज म्हणते. तिला तर कोणीच विचारत नाही. कँप_क्वायर ताईंचा नियम लावायचा तर तो सगळ्यांनाच लावावा लागेल.

---

सेवादल_सैनिक

टिळकवाडी यांच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र इतके म्हणेन की ती छक्कड वर्गात काव्य म्हणून आणि इतिहास म्हणून जरूर वाचावी, कन्नड मुलांसमोर वाचावी, त्यांना काय वाटले ते विचारावे, आणि हुतात्म्यांविषयीही बोलावे. सर्वांच्या तोंडी मात्र ती देऊ नये. ऐकण्याची गाणी आणि मिळून गाण्याची गाणी वेगळी असू शकतात.

---

निपाणीकर

मला वाटते मध्ये कुमार गंधर्वांची आठवण ठेवावी. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले, घरची भाषा कन्नड, पुढे माळव्यात देवासला राहून कबीर गाणारे, आणि तरीही मराठी माणसाला आपलेच वाटणारे. सीमेवर वाढलेला कान दोन भाषांचा असतो. हा लाभ आपल्याला फुकट मिळाला आहे आणि आपण तो वापरत नाही. टिळकवाडी यांचे म्हणणे यामुळे खोडले जात नाही, हेही मान्य करतो.

---

घटप्रभा

बाईंच्या मूळ प्रश्नाकडे परत येऊ या का? एक विचारायचे आहे. आफ्रिकेचे गाणे शोधायला आपण मोबाइलवर गेलो. पण सिद्दी हेच मुळात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी अनेक जण निसटून या घाटमाथ्याच्या जंगलांत आले. हल्याळ, यल्लापूर, खानापूर भागात ते पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम तिन्ही आहेत, आणि कोकणीच्या वळणाची त्यांची बोली आपल्याला निम्मी तरी समजते. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २०२० साली मिळाला. कारवारकडच्यांना तो त्याआधीच होता. त्यांचा दमाम, म्हणजे ढोल, वाजतो तो आपल्या तालुक्यात वाजतो. मग बाई, त्या मुलाच्या घरी आपण कधी गेलात का?

---

खानापूरची_बाई

घटप्रभाताई, गेले नव्हते. आपला प्रश्न वाचला त्या रविवारी गेले, आणि म्हणूनच इतके दिवस इथे लिहिले नाही.

आधी मी त्या मुलाशी बोलले. तो आता नववीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या प्रसंगाबद्दल मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई." मी म्हटले की जाऊ देण्यासारखे ते नव्हते. त्यावर त्याने मान खाली घातली आणि थोड्या वेळाने विचारले की त्या गाण्यातले शब्द खरोखर आफ्रिकेतले होते का. मला ते ठाऊक नाही, असे मी खरे सांगितले.

त्याची आजी अंगणात होती. मी शाळेतून आले म्हटल्यावर पोराने काही केले का, हाच तिचा पहिला प्रश्न होता. शाळेतून कोणी घरी येते ते तक्रार घेऊनच, इतकेच तिला माहीत. तुमच्याकडे गाणे शिकायला आले आहे म्हटल्यावर तिने सुनेकडे पाहिले आणि दोघी हसल्या. चहा झाला. मग तिने तीन गाणी म्हटली. एक लग्नातले होते, एक कामाचे. तिसरे दोन ओळी म्हणून ती थांबली आणि हे शाळेत न्यायचे नाही म्हणाली. मी कारण विचारले नाही.

कामाचे गाणे तिने दिले. एक जण पुढची ओळ म्हणतो आणि बाकीचे तिला ओळीच्या तुकड्याने उत्तर देतात. पेटीमास्तर सर, ते भूपात बसत नाही. एक स्वर असा आहे की पेटीवर कोणत्याही पट्टीत सापडला नाही. आजी तो दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लावते. पेटी मी बाजूला ठेवली आहे. निपाणीकरदादांच्या आजींचे गीतही घेणार आहे, त्या १४ वर्षांच्या मुलीच्या गोष्टीसह आणि संथ लयीत. 'इवनारव' घेणार आहे आणि ते कन्नड मुलेच शिकवणार आहेत. छक्कड मी वर्गात वाचणार आहे, बसवणार नाही. टिळकवाडी यांचे समाधान यामुळे होणार नाही हे मला कळते. जेवणाच्या पंगतीही सोमवारपासून बदलल्या आहेत. हजेरीपटाच्या क्रमाने बसायचे, दर आठवड्याला क्रम उलटा.

एक अडचण उरली आहे. समूहगीताला मुले तीन रांगांत उभी करायची असा शाळेचा रिवाज आहे. आजी म्हणाली, "रांगेत हुभे ऱ्हावन हें गाणें कशें म्हणतले? हातांक काम नाका?" हे गाणे हाताने काही करत गोलात बसून म्हणायचे असते. प्रजासत्ताकदिनाच्या मैदानावर मुलांना गोल करून बसवू द्यावे, असे मुख्याध्यापकांना विचारायचे आहे. कोणी आपल्या शाळेत असे केले असेल तर कसे मांडले ते कृपया लिहावे. उत्तर या आठवड्यात मिळाले तर बरे होईल, कारण आजी येत्या गुरुवारी शाळेत शिकवायला यायला कबूल झाली आहे. त्या दिवसाची तिची मजुरी बुडू नये म्हणून तेवढी रक्कम आम्ही शिक्षकांनी काढून ठेवली आहे.

---

पेटीमास्तर

बाई, गोल करून आम्ही बसवले आहे. मैदानाच्या मध्यभागी सतरंजी, आणि लोकांना बाजूच्या मुलांचे तोंड दिसावे म्हणून अर्धगोल. सूपे, पाखडायचे धान्य, जे खरे काम असेल ते हातात द्यावे. मुख्याध्यापकांना सांगताना 'ध्वनिक्षेपक एकच पुरतो' असेही सांगावे. रांगांना तीन लागतात. त्या मधल्या स्वरासाठी पेटी नकोच. आजींना आधी चार वेळा एकट्याने म्हणू द्या, आणि मुलांनी त्या वेळी नुसते ऐकावे.

---

सरळ_बोल

गुरुवारी मला खानापूरला यायचेच आहे. शाळेची हरकत नसेल तर मागे बसून ऐकेन.